सुपरहिरोची ओरिजिन स्टोरी: दरवर्षी विचारले जाणारे तेच ते प्रश्न

दर मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या गावच्या वाचनालयात आम्ही दोघं-तिघं मिळून मुलांना कॉमिक काढायला बसवतो. पंखा वारा कमी आणि आवाज जास्त देतो, चटईवर पंधरा-वीस पोरं, आणि एकूण एक जणाला सुपरहिरोच काढायचा असतो. प्रश्न दरवर्षी तेच. आता पालकही विचारायला लागलेत, आणि त्यातले निम्मे स्वतःसाठीच विचारतात हे तोंडावर दिसतं, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. उत्तरं माझी आहेत, पटली नाहीत तर चहाला या, भांडू.

ओरिजिन स्टोरी म्हणजे हिरोला पॉवर कशी मिळाली तेच ना?

नाही ना. बहुतेक वह्या इथंच बसतात. पॉवर कशी मिळाली ही बातमी झाली, पेपरात चार ओळींत येईल अशी. गोष्ट तिथनं पुढे सुरू होते.

स्पायडरमॅन घ्या. ऑगस्ट १९६२ चा अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको, सगळी मिळून ११ पानं, आणि तीही एका बंद पडलेल्या मासिकाच्या शेवटच्या अंकात. कोळी चावतो ते सुरुवातीलाच उरकून टाकलंय. मग पीटर काय करतो? पैसे कमावतो. कुस्ती मारतो, टीव्हीवर जातो, टाळ्या घेतो. कार्यक्रम संपवून बाहेर येतो तर एक चोर समोरनं पळतोय, मागनं पोलीस ओरडतोय की अरे धर त्याला, आणि हा बाजूला उभा राहून त्याला जाऊ देतो, कारण आपल्याला काय पडलंय. नंतर घरी काकाचा खून झालेला असतो, हा खुन्याला जाऊन धरतो, आणि मग त्याचा चेहरा दिसतो. तोच चोर. तो एक चौकोन आहे ना, ती ओरिजिन स्टोरी. कोळी गेला खड्ड्यात.

मी पोरांना सांगतो की ही उधारी आहे. कोपऱ्यावरच्या पसरकाराच्या, म्हणजे किराणावाल्याच्या, वहीत आपलं नाव असतं तशी, फक्त इथं पसरकारच मेलाय, त्यामुळे फेडायची कुणाला तेच कळत नाही आणि माणूस आयुष्यभर भलत्याच लोकांना फेडत बसतो. एवढं एकच मला सांगायचं असतं, खालची सगळी उत्तरं म्हणजे याचीच शेपटं आहेत.

"मोठ्या पॉवरबरोबर मोठी जबाबदारी" हे काकाच सांगून जातो ना?

१९६२ च्या अंकात नाही. शेवटच्या चौकोनात पीटर अंधारात चालत निघालाय आणि कॅप्शनमध्ये निवेदक ते बोलतो. काकाच्या तोंडात ते नंतर घातलं. मला जुनंच आवडतं, कारण काका सांगून गेला की तो उपदेश होतो, प्रार्थनेनंतर हेडमास्तर देतात तसला, आणि उपदेश ऐकून कोण सुधारलंय.

ओरिजिनला किती पानं द्यायची?

कमी. अजून कमी. आमच्याकडे चाळीस पानी वहीत बत्तीस पानं ओरिजिन आणि मग घाईघाईत एक मारामारी असा प्रकार दरवर्षी येतो.

सुपरमॅनचा पहिला अंक जून १९३८ चा, जेरी सिगेल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी केलेला, आणि त्यात अख्खं ओरिजिन एका पानात आहे. बॅटमॅनचं तर त्याहून मजेशीर. तो आला मे १९३९ मध्ये आणि सहा महिने कुणाला माहीतच नव्हतं हा बाबा रात्रीचा का फिरतो, नोव्हेंबर १९३९ च्या अंकात दोन पानांत सांगून टाकलं. त्या दोन पानांवर लोक आजपर्यंत जगतायत.

सगळ्यात भारी नमुना म्हणजे ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या सुपरमॅनच्या मालिकेचं पहिलं पान. चार चौकोन, इंग्रजीत एकूण आठ शब्द. मरणारा ग्रह, हातघाईवर आलेले शास्त्रज्ञ, शेवटची आशा, आणि प्रेमळ जोडपं. झालं. वाचक पान उलटतो आणि गोष्ट सुरू.

आता यात एक गंमत आहे ती बघा. १९३८ च्या त्या पहिल्या पानात प्रेमळ जोडपं नाहीच आहे. रस्त्यानं जाणाऱ्या कुणा मोटारवाल्याला बाळ सापडतं आणि तो अनाथाश्रमात देऊन मोकळा होतो. केंट नवराबायको आली १९३९ मध्ये. म्हणजे पहिल्या पानात ग्रह फुटला, यान उडालं, पोरगं खुर्ची उचलतंय, सगळं आहे आणि तरी तो कुणाचा काही लागत नाही. शेतावरच्या दोन म्हाताऱ्यांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला तिथनं त्याचं देणं सुरू झालं. उधारी नेहमी चूक केल्याचीच असते असं नाही, उपकाराची पण असते, आणि ती फेडायला उलट जास्त जड जाते.

हे तर कृष्णच झालं! गोकुळात नेऊन ठेवलेला.

हो. दरवर्षी कुणीतरी हे बोलतंच आणि मला बरं वाटतं. सिगेल आणि शुस्टर ज्यू घरांतले, त्यामुळे तिकडे लोक टोपलीतल्या मोझेसशी जुळवतात, आपण टोपलीतून यमुना पार केलेल्या कृष्णाशी जुळवतो, कुणी कर्णाची पेटी आणतं. पाण्यात किंवा आभाळात सोडलेलं बाळ सगळ्यांकडेच आहे.

पण आपल्याकडे माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ आहे, आषाढात चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होतो तेच. मूळ देव चोडणचा, पोर्तुगीज काळात तिथनं हलवावा लागला. तिथं बाळकृष्ण यशोदेकडे नाही, देवकीकडे आहे, जिने जन्म दिला आणि वाढवायला मिळालं नाही तिच्याकडे. सुपरमॅनवाल्यांनी क्रिप्टॉनवरच्या, म्हणजे त्या फुटलेल्या ग्रहावरच्या, आईवर असं पान कधी काढलंय का मला सांगा. मी तर म्हणतो ज्याला नवीन ओरिजिन सुचत नाही त्याने एकदा माशेलला जाऊन त्या मूर्तीसमोर पाच मिनिटं उभं राहावं. येताना भूक लागली तर भजी खावी.

आईबाबांना मारायलाच पाहिजे का?

हा प्रश्न आया विचारतात, आणि बरोबर विचारतात, कारण एका वर्षी वीसपैकी सतरा वह्यांत पहिल्याच पानावर आईबाप गेलेले होते, कुठं अॅक्सिडेंट, कुठं पूर, एकीकडे तर नुसतंच "मेले" असं लिहून पुढचं पान.

मारायला हरकत नाही पण मेल्यानं काय बदललं ते दाखवा. बॅटमॅनची स्वतःची चूक काहीच नाही, डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेला तो लहान पोर, पण तो शपथ घेतो. फँटमचंही तेच, ली फॉकने १९३६ मध्ये सुरू केलेला, गोष्टीतलं साल १५३६, चाचे बापाला मारतात आणि हा मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि ती शपथ पुढे मुलगा, नातू, पणतू करत एकविसाव्या फँटमपर्यंत येते. बापाची उधारी पोरांनी फेडायची, हे आपल्याला कुणी समजावायला नको.

आणि परशुराम? आपण सगळे म्हणतो बाण मारून समुद्र मागे हटवला आणि गोवा झाला, बाण पडला ती बाणावली, हे जमिनीचं ओरिजिन झालं. पण माणसाचं बघा. कार्तवीर्य आश्रमातली कामधेनू पळवतो, परशुराम त्याला ठार करतो, आणि त्याचा सूड म्हणून कार्तवीर्याची पोरं जमदग्नीला मारतात, परशुराम घरी नसताना. म्हणजे बाप गेला तो याने आधी केलेल्या कामामुळे. मग एकवीस वेळा पृथ्वी नि:क्षत्रिय. बॅटमॅनचं दुःख आणि स्पायडरमॅनचं गणित एकाच माणसात, आणि आम्ही त्याला कॅलेंडरवर परशू घेऊन उभा करून विसरलो.

ज्यांना मारामारी नको त्यांच्यासाठी कमला खान आहे, २०१४ पासूनची मिस मार्व्हल. जर्सी सिटीतली पाकिस्तानी घरातली पोरगी. आई आहे, बाबा आहेत, भाऊ आहे, सगळे जिवंत आणि सगळे कटकट करणारे. ती घरात नको म्हटलेलं असताना रात्री पार्टीला सटकते आणि तिथं धुक्यात सापडते. पॉवर येते तेव्हा ती स्वतःसारखी दिसतच नाही, तिच्या आवडत्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या हिरोइनीसारखी दिसायला लागते, कारण मनात तेच व्हायचं होतं. पार्टीच्या जागी जत्रेचं नाटक घाला, ही गोष्ट आपल्या कुठल्याही वाड्यावर घडेल.

वेताळ म्हणजे फँटमच ना? आजोबा तसं म्हणतात.

आजोबा बरोबर आहेत. मार्च १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स निघायची, त्यांच्या मराठी अंकांत फँटमला वेताळ म्हणायचे. आता गोव्यातल्या माणसाला वेताळ सांगायला नको, आमोण्याला देऊळ आहे, इतर गावांतही आहे. आमचा वेताळ रात्री गावाच्या हद्दीवरनं फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. जंगलातलं चालतं-बोलतं भूत आणि गावाची राखण करणारा देव, ज्याने कुणी हे नाव लावलं त्याला शंभर मार्क. आणि झिजलेल्या वहाणा! पॉवर वगैरे काही न दाखवता नुसत्या वहाणा काढल्या तरी कळतं की हा माणूस रोज कामावर जातो.

हिंदी कॉमिकमधले नागराज, ध्रुव चालतील का, की इंग्रजीतलेच?

चालतील म्हणजे काय, मी म्हापशाच्या बसस्टँडवर तेच वाचून वाढलोय. नागराज १९८६ चा, त्याला मुळात शस्त्र म्हणून बनवलेला असतो, दहशतवाद्यांना भाड्यानं द्यायला, आणि गोरखनाथ त्याला सोडवतात, म्हणून तो दहशतवादाच्या मागे लागतो. हिशेब सरळ आहे. सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, अनुपम सिन्हांचा, आणि तो माझा लाडका. पॉवर शून्य. सर्कशीत वाढलेला, सर्कस जळते, आईबाप जातात, आणि त्याच्याकडे जे काही कसब आहे, कसरती, मोटारसायकल, प्राण्यांची भाषा, ते सगळं त्या जळलेल्या सर्कशीतलंच. म्हणजे तो उडी मारतो तेव्हा दरवेळी सर्कस आठवते. असं जमलं पाहिजे.

मग पॉवर आधी ठरवू की चूक आधी?

चूक आधी. किंवा दोन्ही एकाच जागेतनं काढा. याच्यासाठी एक वही दाखवतो, म्हणजे दाखवू शकत नाही, सांगतो.

मागे एक नववीतली मुलगी यायची. तिची पहिली गोष्ट: मुलगी नदीत पडते, चमकणारा मासा चावतो, तिला पाण्यात श्वास घेता येतो आणि का कोण जाणे उडताही येतं. चित्रं सुरेख. मी विचारलं, ही कुणाचं काय देणं लागते? ती चिडली, वही मिटून घरी गेली, मला वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी आली ती नवीन गोष्ट घेऊन. तिच्या घराजवळ खाजन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नदीकाठची भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून शेतीला आणतात ते खाजन, आणि बांधात जे लाकडी दार असतं ती मानस. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला उघडतं, खारं पाणी बाहेर राहतं, आणि तिथंच जाळं लावून मासळी पण धरतात. तर हिची हिरोइन काय करते, अमावास्येच्या उधाणाला रात्री दारात माडाच्या पिड्याचा, म्हणजे झावळीच्या जाड देठाचा, तुकडा अडकवून ठेवते, दार मिटू नये म्हणून, कारण पाणी आत आलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, जास्त मिळतील आणि तिला मोबाइल घ्यायचाय. आणि तिथंच बांधावर डोळा लागतो. सकाळी शेजारच्या मावशीचं फुलोऱ्यावर आलेलं कोरगूट खाऱ्या पाण्यात उभं. कोरगूट खारेपणा सोसणारं भात खरं, पण सोसायलाही लिमिट असतं.

त्या दिवसापासून तिला कानात भरती ऐकू येते. कुठल्या नदीला किती पाणी चढतंय, कुठला बांध कुठं सुटायला आलाय, झोपेतसुद्धा. ती पॉवर. शिक्षा म्हणायची की देणगी, तिलाच कळत नाही.

यात एक पान असं होतं की माणूस नाही, संवाद नाही, नुसतं दार आणि त्यात अडकलेला तो पिड्याचा तुकडा, पेन्सिलनं इतका घोटलेला की कागद मागनं उचलला गेला होता. मी ते पान किती वेळ बघत बसलो माहीत नाही. नंतर बाकीच्या पोरांनी पण बघितलं आणि त्या वर्षी कुणीच उडणारा हिरो काढला नाही.

रेडिएशन वापरू का?

१९६२ असतं तर हो म्हटलं असतं. फँटॅस्टिक फोरच्या पहिल्या अंकावर नोव्हेंबर १९६१ आहे, पुढच्याच महिन्यात १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि मे १९६२ ला हल्क, ऑगस्टला स्पायडरमॅन. त्या काळात अमेरिकेत अणुबॉम्बची भीती घरोघरी होती आणि रशियाच्या आधी अंतराळात पोचायची घाई होती, म्हणून कॉस्मिक किरण, गॅमा बॉम्ब, किरणोत्सारी कोळी. ती भीती त्यांची. आणि नुसती किरणं नाहीत हां, फँटॅस्टिक फोरमधल्या रीडला त्याचा मित्र बेन यान उडवायच्या आधीच बजावतो की किरणांचा धोका आहे, रीड ऐकत नाही, आणि दगडाचा होतो तो बेन. दोघं एकाच घरात राहतात. ही बघा उधारी, रोज सकाळी नाश्त्याला समोर बसलेली.

तुमची भीती कुठली ती काढा. डिचोलीकडच्या एका मुलाने खाणीचा पाणी भरलेला खड्डा काढला होता, लाल काठ आणि हिरवं पाणी, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. किरणोत्सारी विंचू बघून येत नाही.

एक्स-मेनला तर ओरिजिनच नाही, जन्मतःच पॉवर. मग?

१९६३ मध्ये ती युक्ती काढली, दरवेळी नवीन अपघात शोधायची कटकट संपली. पण तिथं मग लोक त्यांना कसं वागवतात ते ओरिजिन होतं.

ओरिजिन उशिरा सांगितलं तर चालतं?

वूल्व्हरिन १९७४ ला आला आणि त्याचं लहानपण नीट सांगितलं २००१ मध्ये. सत्तावीस वर्षं. घाई काय आहे.

नंतर बदललं तर?

बदलतात. वंडर वुमन १९४१ ला आली, आणि तिच्या सुरुवातीच्या अंकांत राणीने मातीची मूर्ती केली आणि देवीने तिच्यात प्राण घातला अशी गोष्ट होती. २०११ मध्ये तिला झ्यूसची मुलगी करून टाकली. मला हे अजिबात आवडलं नाही. ज्याच्या घरी चवथीला मातीचा गणपती आणून प्राणप्रतिष्ठा होते त्याला पहिली गोष्ट कशी भिडते ते वेगळं सांगायला नको. मोठा बाप मिळाला म्हणून गोष्ट मोठी होते हा गैरसमज कॉमिकवाल्यांनाही आहे आणि आमच्याकडच्या सासरमाहेरच्या गप्पांतही आहे.

व्हिलनला ओरिजिन पाहिजे का?

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री बाहेर पडून बघा. पोरं आठवडाआठवडा जागून नरकासुर करतात, दोन मजली, डोळे लागतात, हात हलतात, स्पीकर फुटेपर्यंत गाणी. आणि कृष्ण? टेबलावर झोपाळलेलं कुणाचं तरी चार वर्षांचं पोर, मोरपीस वाकडं झालेलं. व्हिलनवर सगळ्यांचा जीव असतो. आणि नरकासुराला भारी ओरिजिन आहे, भूमीचा मुलगा, वर मिळालेला, आणि काही कथांत सत्यभामा म्हणजे भूमीचाच अवतार, म्हणजे मारणारी शेवटी आईच. पण पहाटे जाळताना कुणी ते आठवत नाही.

उलट काला किंवा दशावतार या लोकनाट्यांत संकासुर येतो तेव्हा त्याचं लहानपण कसं गेलं असं कुणी विचारत नाही, तो वेद चोरतो, विषय संपला, आणि तरी बारकी पोरं त्याला बघून आईच्या पदरात शिरतात. जोकरचं तसंच आहे. १९८८ च्या त्या प्रसिद्ध कॉमिकमध्ये त्याचा भूतकाळ दाखवलाय आणि मग तो स्वतःच म्हणतो की भूतकाळ असायचाच तर मल्टिपल चॉइस असू दे. हिरोचा हिशेब वाचकाला लागला पाहिजे, व्हिलनचा नाही लागला तरी चालतो.

माझी गोष्ट स्पायडरमॅनसारखीच झालीय, काय करू?

त्यात काही नाही, २००४ मध्ये खुद्द स्पायडरमॅनची मुंबई आवृत्ती निघाली होती, पवित्र प्रभाकर, धोतर नेसलेला, पॉवर एका योग्याकडून. तिथं भीमकाका एका बाईला गुंडांपासून वाचवायला जाऊन मरतो. कोळी गेला, योगी आला, शहर बदललं, पण काका राहिला. यावरनं कळतं कुठला भाग काढता येतो आणि कुठला नाही.

कोकणीत लिहू की मराठीत?

हा प्रश्न गोव्यात मोठ्यांना विचारलात तर कॉमिक बाजूला राहील. घरात कोकणी आणि जत्रेच्या नाटकात मराठी असे आपण पिढ्यानपिढ्या जगतोय, तसंच करा, कॅप्शन मराठीत आणि बलूनमध्ये पात्र जसं बोलतं तसं. पोदेर, म्हणजे पाववाला, शुद्ध मराठीत ओरडायला लागला की गोष्ट मेली.

त्या मानशीवाल्या मुलीच्या गोष्टीत मावशीला कधी कळतं?

हे मीच तिला विचारलं होतं, आणि वाचणारा प्रत्येक जण विचारतो. चार वह्या झाल्या, हिरोइन अर्ध्या तिसवाडीचे बांध वाचवते, दर दोन-तीन भागांत मावशीच्या अंगणात जाऊन उभी राहते आणि काही न बोलता परत येते. ती म्हणाली, "तिला पहिल्या सकाळपासून माहिती आहे सर. पिड्याचा तुकडा तिनेच काढला ना दारातनं." मी परत पहिली वही उघडली. खरंच, सकाळच्या चौकोनात दार मिटलेलं आहे.